ओव्हनच्या वहीतल्या तीन नोंदी

रॉडच्या ओव्हनची वही माझ्याकडे असे. एन्नोरच्या एका वेल्डिंग प्रशिक्षण केंद्रात मी आठवड्यातले चार दिवस जात होते. त्याआधी चेन्नईतल्या एका इंग्रजी दैनिकात बावीस वर्षं उपसंपादक होते. निवृत्तीनंतर केंद्रातलं कागदपत्रांचं काम घेतलं. मुलांचे अर्ज, हजेरी, कंपन्यांना पत्रं आणि ही वही. वहीत चार रकाने होते: तारीख, वेळ, तापमान, सही. सकाळी एक नोंद, संध्याकाळी एक; मी नसेन त्या दिवशी ती प्रशिक्षक करत.

जाड पाइपांचे जोड ज्या रॉडने भरतात, त्या रॉडवरचं आवरण पापडासारखं असतं. उघड्यावर राहिलं की सादळतं. एन्नोरला समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, हवा बारा महिने दमट. सादळलेला रॉड वापरला तर वितळलेल्या धातूत वायू अडकतो आणि जोडात बारीक छिद्रं राहतात. म्हणून रॉड आधी मोठ्या भट्टीत भाजतात आणि मग वापरेपर्यंत छोट्या ओव्हनमध्ये एकशेवीस अंशांवर ठेवतात. हा छोटा ओव्हन कधीच बंद करायचा नसतो. चाचणी घ्यायला बाहेरचा तपासनीस येतो, तेव्हा ही वही तो बघतोच.

त्या वर्षी चाचणी विजयादशमीच्या दुसऱ्या दिवशी आली. शनिवार. चार उमेदवार होते, तीन मुलगे आणि एक मुलगी. बंदराजवळच्या एका फॅब्रिकेशन यार्डाने कळवलं होतं की या चाचणीत जे उत्तीर्ण होतील त्यांना ते लगेच कामावर घेतील. पुढची चाचणी सहा महिन्यांनी होती, आणि तेव्हा यार्डात जागा असतील की नाही हे कुणी सांगत नव्हतं.

मुलग्यांना पुढची चाचणी चालली असती. मुलीला नाही. ती एकोणीस वर्षांची होती, खाडीकाठच्या कोळ्यांच्या वस्तीतली. खाडीत वीजकेंद्राची राख साचल्यापासून वडिलांचं जाळं पूर्वीसारखं भरत नव्हतं. तिची आत्या श्रीपेरुंबुदूरजवळ फोन जुळवण्याच्या कारखान्यात होती आणि तिथल्या वसतिगृहात तिने भाचीसाठी एक जागा धरून ठेवली होती. घरात ठरलं होतं ते असं: शनिवारी पास झाली तर यार्डात जाईल. नाही झाली तर सोमवारी सकाळी कारखान्याची व्हॅन येईल, त्यात बसायचं, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही.

मी तिला एकदा विचारलं होतं की कारखान्यात काय वाईट आहे. सावली आहे, जेवण आहे, सोबत मुली आहेत.

"दिवसभर एकच स्क्रू, मॅडम," ती म्हणाली. "तो कुणी लावला हेही कुणाला कळत नाही. इथे जोडाशेजारी वेल्डरचा नंबर ठोकतात."

चाचणीच्या दिवशी मी साडेसातला पोचले. दारात गुरुवारच्या पूजेचा फुटलेला कोहळा अजून पडलेला होता, आतला गर कुंकवाने लाल. आपल्याकडची खंडेनवमी ती इथली आयुधपूजा. पण इथे ती जास्त कडक असते. रिक्षा, बस, शिलाईयंत्रं, छापखान्यातली यंत्रं, सगळं धुऊन पुसून चंदनकुंकू लावून ठेवतात, आणि मग त्याला कुणी हात लावत नाही. केंद्रातही तसंच झालं होतं. गुरुवारी सकाळी मी ओव्हनची नोंद केली होती, एकशेवीस, आणि पूजेचा प्रसाद घेऊन घरी गेले होते. निघताना मास्टर म्हणाले होते, "बाई, आज अस्के आयुधांस सुट्टी. तुम्हांसहि."

मास्टर म्हणजे आमचे मुख्य प्रशिक्षक. तंजावरी मराठी कुटुंबातले, जन्म सैदापेटचा. बॉयलरच्या कारखान्यात तीस वर्षं वेल्डर होते. त्यांच्या घरची मराठी जुनी आहे, तिच्यात तमिळ शब्द आहेत आणि चालही तमिळ आहे. अस्के म्हणजे सगळे. केंद्रात मराठी कळणारे आम्ही दोघंच.

मी वही उघडली. गुरुवार संध्याकाळ, शुक्रवार सकाळ, शुक्रवार संध्याकाळ अशा तीन ओळी रिकाम्या होत्या. ओव्हनची सुई एकशेवीसवर होती. ओव्हनच्या दाराला चंदनाचे तीन पट्टे होते आणि मध्ये कुंकू. ते मी पाहिलं. त्याचा अर्थ माझ्या डोक्यात आला नाही. अकरा महिन्यांत ही सुई मी एकदाही खाली गेलेली पाहिली नव्हती. नऊला तपासनीस येणार होता, आणि वहीत सलग आठवडा असायला हवा होता. मी तीन वेळा एकशेवीस लिहिलं आणि तीन सह्या केल्या, मग आजची नोंद. एका मिनिटाचं काम.

वर्तमानपत्रात असताना अशी न पाहिलेली गोष्ट कुणी बातमीत लिहून दिली असती, तर मी ती परत पाठवली असती.

तपासनीस नऊला पाच मिनिटं कमी असताना आला. पन्नाशीचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशात भिंग आणि कमरेला टॉर्च. चौघांचे चेहरे आधारकार्डाशी ताडून पाहिले. मग नियम सांगितले. पाइप पंचेचाळीस अंशांत तिरका बसवलेला असेल. तो फिरवायचा नाही, स्वतः त्याच्याभोवती फिरायचं. चाचणी चालू असताना कुणीही उमेदवाराशी बोलायचं नाही. काही अडचण असेल तर हात वर करायचा.

"आणि हात वर केला की तो का केला हे मी लिहून घेतो," तो म्हणाला. "म्हणून विचार करून करा."

चौघं आपापल्या कप्प्यात गेले. पहिला थर, ज्याला रूट म्हणतात, तो वेगळ्या रॉडने घालतात. त्या रॉडला ओव्हन लागत नाही. तो थर पाइपच्या आतल्या बाजूनेही दिसला पाहिजे, म्हणून तो सगळ्यात अवघड. मुलीचा रूट सर्वांत आधी झाला. तपासनीसाने पाइपात टॉर्च घालून पाहिलं आणि फक्त मान हलवली. तिने ओव्हनमधून भरायचे रॉड घेतले आणि मुखवटा खाली केला.

मी दारापाशी बाकावर होते. मला वेल्डिंग येत नाही, पण अकरा महिन्यांत आवाज कळायला लागतो. चांगला चालला की तव्यावर तेल तापल्यासारखा एकसारखा आवाज येतो. त्या दिवशी तिच्या कप्प्यातून मध्येच फटफट ऐकू आली. थांबली. पुन्हा आली. मास्टरांनी मान वर केली. त्यांनी ओव्हनकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा बदलला.

मुलीने मुखवटा वर केला, ब्रश मारला, वाकून पाहिलं. मग हात वर केला.

तपासनीस गेला. "काय अम्मा?"

"रॉड ओले आहेत, सार."

शेजारच्या कप्प्यातला मुलगा त्याच वेळी रॉड बदलायला थांबला होता. त्याने मान काढून पाहिलं आणि पलीकडच्याला ओरडून सांगितलं, "मच्चान, हिच्या जोडातून पलीकडचं बंदर दिसतंय!"

"तू तुझा पाइप बघ," तपासनीस न वळता म्हणाला. मग मुलीला, "आर्क लांब धरला की अशीच छिद्रं पडतात. घाई करत होतीस."

"नाही, सार. आवाज वेगळा होता. धूरपण जास्त."

"रॉड ओला की हात चुकला, ते वही सांगेल." त्याने माझ्याकडे हात केला.

मी वही दिली. तो पानावरून बोट खाली आणत वाचत गेला, मोठ्याने, जसं लेखनिक वाचून दाखवतो. "एकशेवीस. एकशेवीस. एकशेवीस. आज सकाळी एकशेवीस." त्याने वही मिटली. "रॉड कोरडे आहेत, अम्मा. पाच मिनिटं देतो. पुढे भरायचं असेल तर याच्यावरच भर, नाहीतर माघार घे. निर्णय तुझा."

तिने हातातला रॉड खाली ठेवला. एकदा माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, दुसऱ्या कुणाला काही दिसलं असेल का, असं.

छिद्रांच्या थरावर पुढचे थर भरले तर जोड वाकवून बघताना उघडणार, हे तिला माहीत होतं. तपासनीसाला माहीत होतं. माघार घेतली तर सोमवारची व्हॅन.

मी उठून मास्टरांजवळ गेले. "तुम्ही बंद केला होतात?" मी मराठीत विचारलं.

"गुरुवारी. पूजा झाली तेव्हां." ते ओठ न हलवता बोलत होते. "आयुधांची सुट्टी, मी बटण काढलें. कालच शुरू करायचा होता. नव्या पोरांचें अक्षरारंभ होतें, विसरलों. आज सहाला शुरू केला."

"म्हणजे दोन दिवस थंड होता."

"बाई, कांही सांगूं नका. वही खोटी निघाली तर अस्के पोरं बुडतील. केंद्रहि. ती पुढच्या खेपेस देईल."

"पुढच्या खेपेला ती नसेल."

"तिघे तरी राहतील."

मुलं आमच्याकडे पाहत होती. एवढा वेळ आम्ही दोघं मराठीत कधी बोलत नसू. तपासनीसाने घड्याळ पाहिलं. मुलगी हातमोजा काढून पुन्हा घालत होती.

मास्टरांचं म्हणणं मी नंतर पुष्कळदा तपासून पाहिलं आहे, आणि ते चूक नव्हतं. चारांपैकी तिघं, आणि शुक्रवारी सुरू झालेल्या तुकडीतली बारा मुलं. एका बाजूला पंधरा, दुसऱ्या बाजूला एक. पण त्या एकीने जे सांगितलं ते खरं होतं आणि तिला खोटं ठरवणारा कागद माझ्या हातचा होता. यापलीकडे मी काही विचार केला असं म्हणता येणार नाही. पाच मिनिटांतली तीन होऊन गेली होती.

मी तपासनीसाकडे गेले आणि तमिळमध्ये सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात, कारण तो आवाज मला कमी करता आला नाही. "वहीतल्या गुरुवार संध्याकाळपासूनच्या तीन नोंदी मी आज सकाळी लिहिल्या. मी तेव्हा इथे नव्हते. ओव्हन बंद होता."

त्याने चष्मा सारखा केला. वही उघडली, त्या तीन ओळींखाली अंगठा ठेवला.

"सही तुमची आहे."

"हो."

"बंद कुणी केला?"

मास्टर पुढे आले. "मी, सार. आयुधपूजा होती."

तपासनीसाने कमरेची टॉर्च काढून त्यांच्यासमोर धरली. तिच्या कडेला वाळलेल्या चंदनाचा ठिपका होता. "माझ्याही घरी होती. हिलाही विश्रांती दिली. पण टॉर्च सादळत नाही, मास्टर."

तिन्ही मुलगे कप्प्यांच्या बाहेर येऊन उभे होते. मघाचा विनोद करणारा आता माझ्याकडे पाहत होता. तो म्हणाला, "संपलं ना? आमचंपण?"

तपासनीसाने वहीच्या पानावर तिरकी रेघ मारली आणि खाली इंग्रजीत चार शब्द लिहिले: नोंदी विश्वासार्ह नाहीत. मग बोलला. वहीबद्दल तो अहवाल देणार होता, त्यावर चर्चा नव्हती. चाचणीबद्दल त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. आत्ता रद्द करून निघून जायचं, किंवा रॉड त्याच्यासमोर मोठ्या भट्टीत पुन्हा भाजायचे. पुन्हा भाजणं एकदाच चालतं. साडेतीनशे अंशांवर दोन तास. भट्टी तापायला पाऊण तास. तो साडेचारला निघणार होता, एक मिनिटही जास्त थांबणार नव्हता.

"रूट सगळ्यांचे राहू देत. तो रॉड वेगळा आहे," तो म्हणाला. "भट्टी लावा. मी तिच्यासमोर बसतो."

"सार, माझा थर?" मुलगी म्हणाली.

"नवा पाइप मिळणार नाही. तेवढं मी करू शकत नाही. जे खराब भरलंस ते घासून काढ. खालचा रूट तुझा चांगला आहे. त्याला भोक पडलं तर चाचणी तिथेच संपली."

हे ऐकायला सोपं वाटतं. रूटची जाडी साधारण तीन मिलिमीटर असते. तिच्या थराची त्यावर तेवढीच. पाइपचे दोन काठ वर उघडत जातात, आणि तळाशी खाच बोटभरही रुंद नसते. फिरत्या ग्राइंडरने वरचे तीन काढायचे आणि खालचे तीन ठेवायचे, तेही पाइपच्या पूर्ण घेराभर, खालून वाकूनसुद्धा. मास्टर एरवी मुलांना हे रद्दी पाइपावर करायला लावत आणि दहांपैकी सहा जण भोक पाडत.

ती ग्राइंडर घेऊन आली, आणि मग ते खाली ठेवून कोपऱ्यातल्या भंगाराच्या पिंपाकडे गेली. त्यात दोन्ही हात घालून शोधू लागली.

"काय हरवलं?" विनोदी मुलाने विचारलं. "बांगडा?"

"तुझी अक्कल," ती म्हणाली. "सापडत नाही."

तिने एक झिजलेली डिस्क काढली. नव्या डिस्कच्या निम्म्याहून लहान, कडा पातळ झालेली. नवी डिस्क त्या खाचेच्या तळापर्यंत पोचली नसती, काठांना लागली असती. तिने दुसरी एक काढली, दोन्ही उजेडात धरून पाहिल्या, पहिली ठेवली. मास्टरांनी तोंड उघडलं आणि मिटलं; बोलायला बंदी होती. तपासनीसाने आपल्या वहीत काहीतरी टिपलं. काय, ते मला दिसलं नाही.

तिने पस्तीस मिनिटं घेतली. ठिणग्या आधी लांब उडत होत्या, मग तिने दाब कमी केला तशा आखूड झाल्या. दर वीतभर झालं की ती थांबे, मुखवटा वर करे, ब्रश मारे आणि बोटाने चाचपे. मोजा काढून, उघड्या बोटाने, तापलेल्या धातूवर. चार वाजण्याची जागा, म्हणजे पाइपच्या घेरात घड्याळात चार जिथे असतात ती, सगळ्यात वाईट. तिथे गुडघ्यावर बसून मान मागे टाकून वर पाहत काम करावं लागतं. तिथे डिस्क अडकली. एक वेगळाच, कर्कश आवाज आला आणि ग्राइंडर तिच्या हातात उडालं. तिने ते सोडलं नाही. बटण बंद केलं.

त्या ठिकाणी नखाएवढा डाग निळा दिसत होता. धातू पातळ झाला, तापला की तसा दिसतो. आरपार गेलं आहे की नाही ते बाहेरून कळत नव्हतं.

"बाजूला हो," तपासनीस म्हणाला.

त्याने केंद्रातले दिवे घालवायला सांगितले. बाहेर लख्ख ऊन होतं, म्हणून मुलांनी शटर अर्धं खाली ओढलं. त्याने टॉर्च पाइपच्या उघड्या तोंडातून आत घातली, चारच्या जागेपाशी नेली, आणि मुलीला खुणेनेच बाहेरून बघायला सांगितलं. उजेड खाचेतून बाहेर आला तर भोक होतं. ती वाकली. मीही वाकले, कुणी बोलावलं नव्हतं तरी. मास्टर माझ्या मागे होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता.

टॉर्च आत सरकत होती. पाइपच्या दुसऱ्या तोंडातून भिंतीवर गोल उजेड पडला होता आणि हलत होता. खाच काळी होती. त्याने टॉर्च डावीकडे नेली. काळी. उजवीकडे. काळी. त्याने स्वतः येऊन, टॉर्च तिच्या हातात देऊन, पुन्हा एकदा पाहिलं.

"शटर उघडा," तो म्हणाला. "पाव मिलिमीटर आणखी घासलं असतंस तर घरी गेली असतीस."

ती म्हणाली, "हो, सार."

भट्टीचे दोन तास सगळ्यात लांब गेले. तपासनीस खुर्ची टाकून सुईसमोर बसला आणि डबा तिथेच खाल्ला. मुलग्यांनी माझ्याशी बोलणं टाळलं. मास्टर बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुम्ही खरें सांगितलें, बाई. खोटेंहि तुम्हीच लिहिलें होतें. मी फक्त बटण काढलें."

ते बरोबर होतं. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि उठून मुलांचे मुखवटे पुसायला लागले, जे आधीच स्वच्छ होते.

सव्वा वाजता रॉड बाहेर आले. आता ओव्हनची सुई तपासनीस स्वतः वाचत होता आणि स्वतः लिहीत होता. चौघांनी भरायला सुरुवात केली. या वेळी आवाज एकसारखा होता, चारही कप्प्यांतून. मी डोळे मिटून तिच्या कप्प्याचा आवाज वेगळा काढायचा प्रयत्न केला, तो निघाला नाही. पावणेतीनला तिने शेवटचा थर पुरा केला. तिघं तिच्यानंतर दहा-पंधरा मिनिटांत.

पाइप गार व्हायला वेळ लागतो, पाणी ओतून चालत नाही. तो वेळही साडेचारातूनच जात होता. मग प्रत्येक जोडातून चार पट्ट्या कापल्या, कडा घासल्या. हायड्रॉलिक दाबाखाली पट्टी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवतात. जोड ताणला जातो. आत छिद्र असेल, चीर असेल, तर ती तिथे उघडते. तीन मिलिमीटरपर्यंतची उघड चालते. त्यापुढे नाही.

पहिल्या मुलाच्या चारही पट्ट्या साफ. दुसऱ्याच्याही. तिसरा तो विनोद करणारा होता. त्याच्या दुसऱ्या पट्टीचा रूट वाकताना एका बाजूने पूर्ण सुटला, धातू दोन बाजूंना चिकटलाच नव्हता. त्याचा रॉडशी संबंध नव्हता. तपासनीसाने ते त्याला दाखवलं. मुलगा म्हणाला, "दिसलं, सार," आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

तिची पाळी आली तेव्हा चार वाजून आठ मिनिटं झाली होती. पहिली पट्टी साफ. दुसरी साफ. तिसरी चारच्या जागेची होती. दाब वाढत गेला तसा पट्टीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, एक काळी रेघ उमटली.

मुलीने ती माझ्याआधी पाहिली. ती मागे सरली नाही. दोन्ही हात पाठीमागे धरून उभी होती.

तपासनीसाने पट्टी काढली, भिंग लावलं. खिशातून छोटी स्टीलची मोजपट्टी काढून रेघेवर ठेवली. एकदा मोजलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा मोजलं. मग पट्टी, मोजपट्टी आणि भिंग मुलीच्या हातात दिलं.

"तू वाच."

तिने वाचायला वेळ घेतला. "दोनच्या आत, सार. एक, आणि थोडं."

"किती चालते?"

"तीन."

"चौथी लावा," तो म्हणाला.

चौथी साफ वाकली. त्याने चौघांच्या कागदांवर सह्या केल्या, तीन कागदांवर एक शब्द आणि एकावर दुसरा. मग वेगळ्या कागदावर वहीबद्दलचा अहवाल. तो त्याने मला वाचायला दिला, कारण त्यात माझं म्हणणं होतं. केंद्राची पुन्हा तपासणी होईपर्यंत इथे चाचणी घेऊ नये, असं त्यात लिहिलं होतं. म्हणजे शुक्रवारच्या बारा मुलांना शिकून झाल्यावर कुठे पाठवायचं, हे आम्हाला शोधावं लागणार होतं. माझं म्हणणं त्याने जसंच्या तसं घेतलं होतं. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. मी सही केली. मास्टरांनीही केली.

मुलगी दाराशी फोनवर बोलत होती.

"अत्तै, पास झाले... नाही, कागद मागून येणार... अगं, सही केलीय त्यांनी, माझ्यासमोर... मी खोटं कशाला बोलू?" ती बराच वेळ ऐकत राहिली. मग माझ्याकडे आली आणि फोन पुढे केला. "आत्या आहे. तिला मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकायचंय."

मी फोन घेतला. पलीकडे पाठीमागे यंत्रांचा आवाज होता, आत्या कामावरच होती.

"तुम्ही कोण?"

"मी इथे नोंदी ठेवते."

तपासनीस हातभर अंतरावर बॅग भरत होता. त्याचे हात थांबले.

"मग सांगा. पोरगी काहीही सांगेल. तुम्ही स्वतः बघितलंत?"

"बघितलं. चार पट्ट्या वाकवल्या. तिसरी थोडी उघडली, दोन मिलिमीटरच्या आत. तीनपर्यंत चालते. त्यांनी दोनदा मोजलं."

"ते मला नको. पास की नापास?"

"पास."

मग आत्या म्हणाली, "ठीक. इथे एक मुलगी दोन महिने थांबलीय, जागा तिला देते. नंतर रडत आलीस तर दार उघडणार नाही म्हणावं." आणि फोन बंद केला.

मी फोन परत दिला.

"काय म्हणाली?" मुलीने विचारलं.

"जागा दुसऱ्या मुलीला देते म्हणाली."

"एवढंच नसेल. जसं म्हणाली तसं सांगा."

मी जसं होतं तसं सांगितलं, दारापर्यंत सगळं. तिने ते ऐकून घेतलं, मान हलवली, आणि जोडाचे उरलेले तुकडे गोळा करायला आत गेली.